श्रीपतच्या राखणीतलं आभाळ

पळसदरीच्या टेकाडावर पत्र्याची एक खोली आहे. तिचं छप्पर रुळांवरून मागं सरकतं, आणि ते सरकवणं हे श्रीपत गायकवाडचं काम. साजगावच्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्रा कापून, वाकवून, जोडून तो निवृत्त झाला. पुढं मुंबईच्या एका संस्थेनं टेकाडावर दुर्बीण बसवली, तेव्हा तो तिच्या राखणीला लागला. रोज दिवेलागणीला तो वर चढतो, हवेचा अंदाज घेतो, छप्पर सरकवतो, भिंगावरचं झाकण काढतो आणि संस्थेतल्या सुप्रियाला फोनवर एक शब्द धाडतो, ‘उघडलं.’ मग यंत्र आपलं आपण कामाला लागतं.

ही दुर्बीण एकाच ताऱ्याकडं टक लावून बसणारी नाही. वीसेक चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा आभाळाचा तुकडा ती एका वेळी टिपते, मग त्याच्या बाजूचा, मग त्याच्याही बाजूचा. परवाचा फोटो आजच्याशी ताडला की कळतं, कोण जागेवरून हललं, कोण नवीन आलं. सुप्रियानं हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा श्रीपत म्हणाला, “म्हंजे आमची पुतळाबाई.”

पुतळाबाई त्याची बायको. अंगण झाडता झाडता ती सांगते, कुणाच्या दारात नवी चप्पल आहे नि कुणाची कोंबडी रात्री परतली नाही. सुप्रियाला हे इतकं पटलं की संस्थेत यंत्राचं नावच ‘पुतळा’ पडलं. पुतळाबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, “बरंय. रातभर राबायचं त्या पुतळीनं, नि पगार तुमचा.”

पौर्णिमेला चंद्राचाच उजेड एवढा की यंत्राला सुट्टी. त्या संध्याकाळी श्रीपत पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला बसतो.

सगळं बिनसलं ते यंदाच्या चौदा एप्रिलच्या जयंतीपासून. बौद्धवस्ती गावाच्या टोकाला, आणि रस्त्याचे दिवे तिथवर यायच्या आधीच दरवेळी संपायचे. श्रीपतनं सहा वर्षं तालुक्याला खेटे घातले होते. शेवटी जयंतीच्या आदल्या दिवशी विहारासमोर चार मोठे फोकस बसले, जमिनीवर, तोंड वर करून. विहार असा उजळला की कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या गाडीतूनही दिसू लागला. वस्तीतली माणसं खिडकीतून शेजाऱ्याला बोट दाखवून सांगायची, ते आमचं.

आठवड्यानं सुप्रिया आली. तिनं लॅपटॉपवर फोटो दाखवले. एक कोपरा पाणी घातलेल्या दुधासारखा फिकट झाला होता.

“काका, हा कोपरा गेला बघा. खाली कुणीतरी मोठे दिवे लावलेत. पावसाळ्याआधी काही झालं नाही, तर यंत्र घाटावर हलवायचं म्हणतात आमचे सर.”

“कुणीतरी नाय गं पोरी,” श्रीपत म्हणाला. “मीच लावलेत.”

सुप्रियानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “तुम्हाला ते बंद करा असं मी नाही सांगणार.”

श्रीपतला तेच लागलं. सांगितलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.

रविवारी विहारात बैठक भरली. मंडळाचा अध्यक्ष हिरामण भिंतीला टेकून म्हणाला, “दादा, सहा वर्सं उजेड मागितलास. आता काळोख मागतोस व्हय?”

“काळोख नाय मागत. दिवे ऱ्हातील. फकस्त त्यांना टोप्या घालतो, म्हंजे उजेड वर जायचा नाय.”

“आजवर आपल्याला तालुक्यानं टोप्या घातल्या. आता तू घाल.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच परवानगी मिळून गेली.

श्रीपतनं माळ्यावरची पत्र्याची कात्री काढली. तेलाचे रिकामे डबे कापले, वाकवले, रिबिटा मारल्या, आतून काळा रंग दिला आणि फोकसांवर बसवले. दुसऱ्याच सकाळी सुप्रियाचा निरोप आला, ‘काका, कोपरा परत आला.’ दोन दिवस श्रीपत शीळ घालत होता.

तिसऱ्या दिवशी पुतळाबाई कर्जतच्या बाजारातून संध्याकाळच्या गाडीनं आली. पिशवी हातातच धरून दारात उभी राहिली.

“विहार दिसला नाय.”

“दिवे चालू हायेत की.”

“उजेड अंगणात पडतोय. भिंत काळी. मी आपली खिडकीतनं बघत बसले, नि एकदम ठेसनच आलं. मधी आपण नव्हतोच.”

टेकाडावरून श्रीपतनं दहादा पाहिलं होतं. गाडीतून एकदाही नाही.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला कारखान्यातलं कापणीचं टेबल आठवलं. त्यावर दिवा वरून टांगलेला असायचा. खालून लावला तर डोळ्यांत जाई, आणि पत्र्यावरची रेघ दिसत नसे. एकतीस वर्षं ज्या दिव्याखाली उभं राहिलो, तो आता आठवावा, याचं त्याला हसू आलं.

सकाळी हिरामणनं शिडी धरली. चारही फोकस जमिनीवरून उचलून छपराच्या सज्ज्याखाली गेले, टोप्यांसकट, तोंड खाली करून. उजेड भिंतीवरून उतरत पायरीशी येऊन थांबू लागला. सुप्रियानं दोन रात्री फोटो तपासले आणि मग फोनच केला. “सर म्हणाले, यंत्र कुठं जात नाही.”

“बरं,” श्रीपत म्हणाला. पण गाडीतून विहार दिसतो का, ते अजून पाहायचं होतं.

बुद्धपौर्णिमेला यंत्राला सुट्टी होती. वंदनेनंतरच्या खिरीचं सामान आणायच्या निमित्तानं दोघं कर्जतला गेली आणि अंधार पडता पडता परतीच्या गाडीत बसली. श्रीपतनं खिडकी पुतळाबाईला दिली. गाडी वळली, झाडं मागं सरली, आणि विहार आला. पांढराशुभ्र, पायरीपासून छपरापर्यंत.

“दिसतंय का गं?”

पुतळाबाईनं कपाळ गजांना लावलं. विहार मागं जाईपर्यंत ती बघत राहिली.

“दिसतंय,” ती म्हणाली. “दाराशी हिरामणची नवी चप्पल हाय, तीबी दिसली.”