ओल्या फडक्याची रेघ

आमच्या बुलढाण्याच्या घरी गॅस किती उरला हे आई ओल्या फडक्याने ओळखते. सिलिंडरवर वरून खाली फडकं फिरवायचं आणि थांबायचं. वरचा भाग भरभर वाळतो, जिथवर आत पातळ गॅस आहे तिथवर ओल टिकते आणि मध्ये रेघ दिसते. मी शाळेत विज्ञान शिकवते. दाब दिला की वायूचा द्रव होतो, हे समजावताना मी आईच्या रेघेचंच उदाहरण देते. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते मुलांना लवकर कळतं.

बाबांची फुप्फुसं थकली आणि डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितला, तेव्हा एक काळा, उंच सिलिंडर त्यांच्या पलंगाशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या सकाळी पाहते तर आई त्यावर फडकं फिरवत होती. ते पाणी सगळीकडे सारखंच वाळलं. तिचा चेहरा उतरला.

"यात त काहीच नाही. रिकामाच देल्ला लोकायनं."

"आई, हा गॅस वेगळा. घरातल्या गरमीत कितीही दाबला तरी पातळ होत नाही, वायूचा वायूच राह्यते. वरचा काटा पाह्य, पुरा भरेल हाये."

"काट्याचं काय सांगतं तू मले?"

बाबा नाकातली नळी सारखी करत म्हणाले, "अवं, मी काय गॅसवर शिजून राह्यलो का?"

आई हसली, पण फडकं सोडेना. मला रागच आला. मग मी हट्टाला पेटून, पक्की मास्तरकी करत तिला काटा वाचायला शिकवलं. ती शिकलीही. काटा खाली आला की स्वतः दुकानात फोन लावायची आणि दुसरा सिलिंडर दारात येईपर्यंत तिला घास गोड लागायचा नाही. काटा वर आहे तोवर काळजी नाही, असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. खरं तर ते मी मलाही सांगत होते.

बाबा गेले ती दुपारची वेळ होती. शेजारचे यायच्या आधी आई उठून सिलिंडरपाशी गेली. काटा अर्ध्याच्या वर होता. तिने तो वाकून नीट वाचला आणि मला जवळ बोलावून दाखवला.

"अजून इतका हाये ना यात?" ती म्हणाली. "मंग काऊन?"

उशीवर पडलेल्या नळीतून ऑक्सिजन अजून येतच होता. मी चावी फिरवून तो बंद केला.