नामा मिस्त्रीची आपोआप थांबणारी चाती

धामणकर नाक्यामागच्या केसरीनाथ शेठच्या कापडाच्या कारखान्यात लूम बिघडला की एकच हाक उठे, "नामा मिस्त्रीला बोलवा!" टेमघरचा हा नामा सातवीपर्यंत शिकलेला, पण यंत्राला कान लावून त्याचं दुखणं सांगे.

गोष्ट १९७४ सालची. कारखान्यात कांड्या भरायला गोदूबाई बसे. लूममध्ये इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची कांडी सुतानं भरली की तिला फिरवणारी चाती हातानं थांबवायची, एवढंच काम. पण वयोमानानं तिची नजर मंदावली. कांडी वाजवीपेक्षा फुगे, धोट्यात अडके आणि लूम बंद पडे. शेवटी शेठ म्हणाले, "गोदूबाई, सोमवारपासून दुसरी बाई घेतो. तुम्ही आराम करा."

"आराम करून खाऊ काय, शेठ? दगडं?"

नामाला राहवेना. "सोमवारपर्यंत थांबा, शेठ. मी चातीलाच डोळे बसवतो."

सायकलचा आरा, स्प्रिंग आणि लोखंडी दांडी त्यानं जमवली. कांडी भरली की सूत आऱ्याला ढकलणार, दांडी सुटणार, चाती थांबणार. आपल्या टेबलावर त्यानं वीस वेळा चालवून पाहिलं. एकदाही चूक नाही.

सोमवारी त्यानं ते गोदूबाईच्या चातीला बसवलं आणि सगळे बघायला जमले. गोदूबाई रोजच्यासारखी जमिनीवर बसली, एक मांडी घालून, दुसरा गुडघा उभा. चाती फिरली आणि थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा थांबली. कांडीवर जेमतेम चार वेढे!

शेठ हसले. "मिस्त्री, तुमची चाती संपावर गेली वाटतं!"

नामा वाकून दांडी तपासू लागला. गोदूबाई म्हणाली, "आरं मेल्या, माप घेतलंस उभ्यानं आन् मी बसते खाली! ह्यो बघ, माझा गुडघा तुज्या दांडीला लागतोय."

"मग गुडघा आडवा करा," शेठ म्हणाले.

"वीस वर्सं असाच हाय. आता न्हाय वळायचा."

नामानं तिला उठवलं आणि स्वतः तिच्या जागी तसाच गुडघा उभा करून बसला. बाकीच्या चात्यांवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. त्यानं मात्र शांतपणे पेन्सिलीनं खूण केली, नवं भोक पाडलं आणि दांडी दुसऱ्या बाजूला नेली.

गोदूबाई परत बसली. चाती फिरत राहिली, कांडी भरली आणि खट्! आपोआप थांबली. संध्याकाळपर्यंत एकही कांडी धोट्यात अडकली नाही.

"गोदूबाई, उद्या वेळेवर या," शेठ म्हणाले. "आणि मिस्त्री, बाकीच्या पाच चात्यांनाही हे बसवा."

"बसवतो. पण आधी एकेकीचा गुडघा बघायला लागेल."

"बघ रं बाबा," गोदूबाई म्हणाली, "पर घरी बायकोला सांगून ये!"