गावपळण आणि उड्या मारणारे शब्द

सुमतीवयनींच्या कोंबड्या टोपलीत बसल्या, गाय वेशीकडे निघाली, आणि मी अजून टेबलाशीच. स्क्रीनवर 'आंबा' हा शब्द वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात उडी मारत होता.

"गो बाय, येतंस मा? की देवान तुका येगळो कौल दिल्यान?" शेजारच्या सुमतीवयनी खिडकीतून ओरडल्या.

"पाच मिनिटं, वयनी. काम आहे."

"काम थंय घेवन ये. गाव रिकामो होवक व्हयो."

आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की गावपळण होते. माणसं, गुरं, कुत्री, सगळे वेशीबाहेर झोपड्या घालून तीन रात्री राहतात. मागे कोणी थांबायचं नाही. माझी ती पहिलीच. सगळी नोकरी पुण्यात प्रोग्रामिंग करण्यात गेली. नवरा निवृत्त झाल्यावर त्याच्या गावी आलो आणि वर्षभरात तो गेला. उरले मी आणि ब्रॉडबँडचा मोडेम. त्याच्या हिरव्या दिव्याला मी सकाळी "उठलास का?" विचारत असे. पन्नाशी उलटलेली ही बाई या एकटेपणाला 'फोकस' म्हणायची!

काम होतं प्लगिनचं. प्लगिन म्हणजे मिक्सरला नंतर जोडायचं जास्तीचं भांडं. इथे मिक्सर म्हणजे वेबसाइट. कोकणातल्या बातम्यांच्या एका साइटला टॅग क्लाउड हवा होता. प्रत्येक बातमीला शब्दांची लेबलं लावतात, ते टॅग. जो टॅग जास्त वेळा येतो, तो शब्द मोठा दिसतो. असे लहानमोठे शब्द एकत्र जमले की झाला क्लाउड. आमचा तर हलता होता. खाली एक पट्टी; ती सरकवली की आठवडे पुढे जाणार आणि शब्द फुगणार, आकसणार.

फुगत होते, पण जागेवर राहत नव्हते. एखादा शब्द त्या आठवड्यात आलाच नाही, की माझा कोड तिथे लगेच दुसरा शब्द ढकलायचा. मग तिसरा सरकायचा. 'पाऊस' शोधता शोधता डोळे फिरत.

"मॅडम, चक्कर येते बघून," पुण्याच्या ऑफिसमधला निखिल फोनवर म्हणाला होता. "सोमवारी डेमो आहे. नाही जमलं तर दुसऱ्याला देऊ."

दुसऱ्याला दिलं असतं, तर माझ्याकडे पुढचं काम नव्हतं. मुलगा बंगलोरहून बोलावतच होता. "एकटी काय करतेस तिथे, आई?" या प्रश्नाला माझ्याकडे तेवढं एकच उत्तर होतं, की काम करते.

पण रिकामी जागा भरून टाकायची ही खोड कोडची नव्हती, माझी होती. नवरा गेल्यावर महिन्याभरात मी त्याची खुर्ची माळ्यावर टाकली आणि तिथे प्रिंटर ठेवला. फार व्यवहारी बाई!

लॅपटॉप पिशवीत घालून निघाले. वेशीबाहेर माळावर झोपड्यांची रांग लागली होती. पोरं हुंदडत होती, बायका चुली मांडत होत्या, सगळे एकमेकांना नात्याने हाका मारत होते. मला "मॅडम" म्हणत, तेही जरा लांबून. झाडाखाली बसून काम करू लागले. दुपारीच बॅटरी संपली.

"झाडाखाली काय बसलंस?" वयनी आल्या. "आपल्या जाग्यार चल."

त्यांच्या आणि पलीकडच्या झोपडीच्या मध्ये एक रिकामा चौकोन होता. गवत काढलेलं.

"ही जागा तुमची. तुझ्या मामंजींची."

"पण इतकी वर्षं आमच्यातलं कोणी आलंच नव्हतं."

"मगे? इलास नाय म्हणान दुसऱ्याक देवची? दर खेपेक गवत काढून ठेवतांव."

मी तिथे बसले. दोन्ही बाजूंना माणसं होती आणि जागा ज्याची खरी, तो माझा नवरा मात्र सोबत नव्हता. गावी आल्यापासून पहिल्यांदा रडले. वयनींनी चहाचा पेला हातात दिला आणि माझ्याकडे पाठ करून कांदा चिरत बसल्या.

रडून झाल्यावर डोकं चाललं. प्रत्येक शब्दाची जागा एकदाच ठरवायची, तो सगळ्यात मोठा असतानाच्या मापाने. शब्द आला नाही तर दिसणार नाही. पण जागा त्याचीच. घरी परतल्यावर मोडेमलासुद्धा न विचारता तसं लिहून टाकलं.

सोमवारी निखिलने लगेच खोट काढली. "मॅडम, मध्ये भोकं दिसतात."

"दिसू देत. आंबा गेला की तिथे आंबा होता हे कळायला नको? क्लायंटला विचार."

क्लायंटने पट्टी पुढे-मागे चारदा सरकवली. म्हणाला, "आता डोळा दमत नाही." काम पास झालं, पुढचंही मिळालं.

शेवटच्या आठवड्यावर पट्टी आली तेव्हा एक शब्द बाकी सगळ्यांपेक्षा फुगला होता: 'आचरा'.

"तुमचंच गाव ना? केवढी गर्दी असेल!" निखिल म्हणाला.

"गावात कोणी नव्हतं," मी म्हटलं.

मुलाला कळवलं, दिवाळीला येते, परतीचं तिकीट काढूनच. प्रिंटर जमिनीवर ठेवला आणि खुर्ची माळ्यावरून काढून तिच्या जागी ठेवली. ती अजून रिकामीच असते. सुट्टीत नात येते तेव्हा तिच्यावर ओले कपडे टाकते, आणि मी ओरडते.

धंद्यातला धडा एवढाच, की कोणी भोक म्हटलं की बुजवायला धावू नये. आधी ते कोणाचं आहे, ते विचारावं.