गोराईचं पहिलं इंजिन

बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई. अलीकडे विजेचे दिवे, कारखाने. पलीकडे त्या काळी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, कंदील. मागे राहिलेल्या कोळीवाड्यांना वर काढायचं म्हणून सरकारनं होड्यांना इंजिनं द्यायला घेतली होती. गोराईतलं पहिलं मिळालं माझी बालमैत्रीण जना हिच्या नवऱ्याला, धर्मा नाखव्याला (होडीच्या मालकाला). त्या कौतुकाच्या जेवणाला मी घाटकोपरहून निघाले. खाडीतच पदर भिजला, उतरताना चपलेत चिखल गेला. म्हटलं, झकास सुरुवात!

जनाच्या अंगणात भिंतीला टेकवलेलं शीड दिसलं, डोलकाठीसकट. मी विचारलं तर म्हणाली, इंजिन आल्यावर हे लोढणं कशाला, म्हणून हे पहाटे घरीच टाकून गेले. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर, असं माझ्या मनात आलं. तिच्याही आलं असावं, कारण कोळंबीच्या कालवणात तिनं दोनदा मीठ घातलं.

भरतीबरोबर होड्या परततात. भरती आली. शिडाच्या होड्या एकेक करून किनाऱ्याला लागल्या, धर्माची काही दिसेना. उतरलेल्यांनी सकाळी इंजिनाचा आवाज ऐकला होता, मग तो पुढे निघून गेला म्हणे. तेवढ्या लांब आपल्यातलं कोणी जात नाही, असं एकजण बोलून गेला आणि जनाकडे बघून जाळं आवरायला लागला. येईल गं, नवं इंजिन आहे, मी आपली बडबडत होते. माझाच त्यावर विश्वास नव्हता.

उन्हं कलल्यावर वसईकडची एक शिडाची होडी दिसली. तिच्या मागे दोरानं बांधलेली धर्माची होडी होती. इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं आणि शिडाविना होडी वाऱ्यावर भरकटत होती. आता जना रडणार नाहीतर भांडणार, असं मला वाटलं. पण धर्माचे डोळे चमकत होते.

"जमीन दिसत नव्हती गो," तो म्हणाला. "आणि मासळी काय तिथं! इंजिन नीट झालं की परत तिथंच जानार."

जनानं पानं वाढली. खारट कालवण सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

मला धक्क्यावर सोडायला आली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला.

"सरकारनं इंजिन दिलं, बाय. मी माझा जीव कुठं ठेवू, ते कोणाला विचारू?"

बोरिवलीला उतरल्यावर मी वळून पलीकडच्या कंदिलांकडे पाहिलं. तिकडे विजेचे खांब येतील, रस्ता येईल, मासळी दुप्पट मिळेल, आणि मिळायलाच हवी. पण धर्मा आता रोज जमीन दिसेनाशी होईल तिथवर जाणार, आणि जना मात्र जमिनीवरच राहणार.