उर्मिलाच्या पुस्तकातली माझी चूक

फोन ह्यांना आला. हे ओसरीवरून आत आले, दारात थांबले आणि म्हणाले, “उर्मिला गेली.” मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. असं कसं, आपलं भांडण अजून मिटायचं आहे... नणंद-भावजयीच्या भांडणाचं काय ते नवल, असं तुम्ही म्हणाल. पण आमचं भांडण दागिन्यांवरून नव्हतं, शेतीच्या हिश्श्यावरूनही नव्हतं. ते व्हिएतनामच्या भातावरून होतं आणि अकरा वर्षं चाललं होतं. मी सूप खाली ठेवलं, लुगडं बदललं आणि आम्ही दोघं गोंदियाला निघालो.

उर्मिला माझी धाकटी नणंद. वयानं मात्र आम्ही बरोबरीच्या. बाहेरच्या जगात ती व्हिएतनामच्या इतिहासाची अभ्यासक, कॉलेजात प्राध्यापक, तीन जाड पुस्तकांची लेखिका. आमच्या गावात, कामठ्यात, ती ‘मास्तरीण बाई’. तिच्यावर घरातल्या कोणीतरी लिहावं असं ह्या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं. तिच्या भावाला लिहिता येत नाही, बोलायलाही फारसं येत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. घरात आम्ही आमच्या पोवारी बोलीत बोलायचो. इथं मी ते मराठी करून लिहिते आहे, तेवढं समजून घ्या.

तिनं हा विषय घेतला तेव्हा मी नवी सून होते. माझे सासरे तालेवार शेतकरी, स्वभावानं कडक. ते तिला म्हणाले, “आपले वाडवडील माळव्यातून इथं आले, त्याचं कोणी लिहिलं नाही. तू समुद्रापलीकडच्या लोकांचं कशाला लिहितेस?” उर्मिला म्हणाली, “बाबा, आपल्या बांधीत उभं राहिलं की आपलीच बांधी दिसते. दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभं राहिलं की दोन्ही दिसतात.” बांधी म्हणजे आमच्याकडचं भाताचं खाचर, धुरा म्हणजे तिचा बांध. सासऱ्यांनी मग तिला दिल्लीला शिकायला जायला अडवलं नाही. तिथं ती आधी फ्रेंच शिकली, कारण तिकडचे जुने सरकारी कागद फ्रेंचांनी लिहिलेले. मग व्हिएतनामची भाषा शिकली. आरशासमोर उभी राहून एकच शब्द सहा वेगवेगळ्या सुरांत म्हणायची. सुट्टीत घरी आली की हे ऐकून आमची म्हैस कान टवकारायची, असं मी तिला चिडवायचे. लग्न तिनं केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “सवड झाली की बघू.” ती सवड काही तिला शेवटपर्यंत झाली नाही.

तिची काम करायची एक रीत होती. ती दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकाची असेल असं मला वाटत नाही. दरवर्षी रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे आमच्याकडे भाताची लावणी चालू असताना, ती रजा काढून कामठ्याला यायची. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून धुऱ्यावर बसायची आणि शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच साहेबांचे कागद मराठी करून रोवणाऱ्या बायांना वाचून दाखवायची. बाया वाकलेल्या, हात चिखलात, आणि ही वाचते आहे... अमुक गावच्या बाया आळशी आहेत, अर्धी बांधी रोवून निघून जातात. एकदा हे वाचल्यावर सेवंता उभी राहिली. सेवंता आमच्याकडची जुनी रोवणारीण, जिभेला हाड नसलेली. म्हणाली, “अर्धी बांधी कोन सोडते बाई? वरच्यानं पानी अडवलं असंन. पानी नाही त कायच्यात रोवाचं?” उर्मिलानं ते वहीत लिहून घेतलं, पुढच्या वर्षी तिकडच्या दप्तरात पाण्याचे कागद शोधले, आणि निघालं तसंच. वरच्या अंगाला एका बड्या मळेवाल्यानं पाट वळवला होता. साहेबानं ते पाहिलंच नव्हतं, टेबलाशी बसून बायांना आळशी ठरवलं होतं. ह्या एका शोधानं तिचं नाव झालं. प्रबंधात आणि पुढे पुस्तकातही तिनं खाली टीप दिली, ‘ही शंका प्रथम सेवंताबाई, कामठा, यांनी घेतली.’ परदेशातला एक परीक्षक तोंडी परीक्षेत हसला म्हणे. उर्मिला त्याला म्हणाली, “आपण कधी रोवणा केला आहे का?” टीप जिथल्या तिथं राहिली.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ती एक कागद घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की पुरात एका गावाचं पऱ्हे वाहून गेलं, तेव्हा त्यांनी शेजारच्या गावाकडून पऱ्हे विकत घेतलं. पऱ्हे म्हणजे रोवण्यासाठी वाढवलेली भाताची रोपं. उर्मिलानं बायांना विचारलं, “पऱ्हे कोणी विकतं का?” मी त्या दिवशी बांधीवरच होते. माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं, धानातच मी लहानाची मोठी झाले. बाया काही बोलायच्या आत मी म्हणाले, “अगं, पऱ्हे कधी कोणी विकतं का? ज्याच्याकडे उरलं तो देतो. ज्याचं गेलं तो नेतो. आमच्या घरून दरवर्षी कितीतरी लोक नेतात.” उर्मिलानं बायांकडे पाहिलं. सगळ्या वाकून रोवत होत्या. सेवंतासुद्धा. तिनं माझं वाक्य लिहून घेतलं आणि त्यावर एक अख्खं प्रकरण उभं केलं. गावं एकमेकांना कशी देत होती, आणि व्यापारी डोक्याच्या फ्रेंचांनी त्या देण्याला विक्री कशी म्हटलं. त्या प्रकरणाचं फार कौतुक झालं. मीही चारचौघींत सांगत फिरले की माझ्या तोंडचं वाक्य विलायतेत छापून आलं.

काही वर्षांनी ती व्हिएतनामला, पुराच्या कागदातल्या त्याच गावात, राहून आली. परतली ती थेट कामठ्याला, रोवण्याच्या ऐन गर्दीत. धुऱ्यावर बसली नाही, बायांबरोबर चिखलात उतरली. मी नेहमीसारखी शेजारी उभी राहिले तर मला म्हणाली, “वहिनी, तुम्ही घरी जा. मला ह्यांच्याशी बोलायचं आहे.” मला वाटलं चहाचं सांगते आहे. म्हणाले, चहा आणतेच. तर म्हणाली, “चहा नको. तुम्ही जा फक्त.” माझ्याच बांधीतून, दहा मजूर बायांसमोर, मला घरी पाठवलं. मी गेले. संध्याकाळी तिनं समजूत घालायचा प्रयत्न केला, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. त्यानंतर आमच्या बोलण्यात खंड पडला असं नाही. ती आली की मी जेवू घालायचे, आजारी पडली तेव्हा महिनाभर तिच्या उशाशी होते. पण तिच्याबरोबर बांधीवर मी पुन्हा गेले नाही, आणि त्या दिवसाचा विषय कधी निघू दिला नाही. शेवटच्या भेटीत ती म्हणाली होती, “वहिनी, एक सांगायचं राहिलं आहे...” मी म्हटलं, आधी पेज घे. ती पेज प्यायली आणि झोपली. पुढचं बोलणं झालंच नाही, आणि त्यात दोष माझा आहे.

तेरवी झाल्यावर तिची विद्यार्थिनी अर्चना गोंदियाच्या घरी पुस्तकांची यादी करायला आली. मी मदतीला बसले होते. तिला म्हटलं, ते पऱ्ह्याचं प्रकरण काढ, त्यात माझं वाक्य आहे, मला बघू दे. अर्चनानं हातातली यादी बाजूला ठेवली. म्हणाली, “काकू, दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण मॅडमनी मागे घेतलं.” मग तिनं इंग्रजी टीप मला मराठीत सांगितली. ‘पहिल्या आवृत्तीत मी ह्या व्यवहाराला देणं म्हटलं. ते चूक होतं. कागदात विकत घेणं लिहिलं होतं आणि ते खरं होतं. मी देणाऱ्यांचं ऐकलं, घेणाऱ्यांना विचारलं नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.’ मी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे ती बांधी उभी राहिली, आणि वाकून रोवणाऱ्या बाया.

दुसऱ्या दिवशी मी सेवंताकडे गेले. आता ती कामाला येत नाही, गुडघे गेले. तिच्या अंगणात बसून विचारलं, “सेवंता, पऱ्ह्याचं त्या दिवशी तू काऊन नाही बोललीस?”

“बाईनं आमाले इचारलं होतं,” ती म्हणाली. “तुमीच मधात सांगून देल्लं. मंग मालकिनीच्या तोंडावर कोन बोलन?”

“मग नंतर काय सांगितलंस तिला?”

“जे होतं तेच. तुमच्या घरून पऱ्हे भेटे, पन फुकट नाही भेटे. एका बांधीच्या पऱ्ह्याले तुमच्या इथं दोन दिवस रोवना कराचा, मजुरी नाही मांगाची. तुमी त्याले देनं म्हनत होत्या. आमी त्याले इकत घेनं म्हनत होतो.” मग म्हणाली, “बाई म्हने, वयनीले नोका सांगू. तिले लागन.”

मला लागलं. खोटं कशाला बोलू. सेवंता दोन दिवस फुकट रोवायची ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते, तिला भाकर वाढत होते, आणि तरी माझ्या लेखी ते देणंच होतं. उर्मिलाची एक गोष्ट मला सर्वांत जास्त आवडायची, ती म्हणजे खोटं लिहिणाऱ्या साहेबाला तो मेल्यावर शंभर वर्षांनीही ती सोडत नसे. आणि मला मात्र तिनं सोडलं. नातं सांभाळायला माझी चूक आपल्या नावावर घेतली. आयुष्यभर ‘कोणी सांगितलं ते आधी लिहा’ असं पोरांना शिकवणारी बाई, आणि इथंच लिहिलं नाही. भावजय म्हणून मी तिची ऋणी आहे. पण इतिहासकार म्हणून ती तिथं चुकली, आणि ती समोर असती तर हे मी तिला तोंडावर सांगितलं असतं. तिनं वाद घातला असता. हरलीही असती.

पुढच्या आवृत्तीचं काम आता अर्चना बघते आहे. मी तिला टीप सुधारायला सांगितलं. ती म्हणाली, “राहू द्या ना काकू, मॅडमनी मुद्दाम नाव घातलं नाही.” मी म्हटलं, बरोबर सांगणारीचं नाव छापलंत, तर चुकीचं सांगणारीचंही छापा. उर्मिलाच्या टेबलावर तिची स्वतःची प्रत आहे. समासात जागोजाग तिचं बारीक पेन्सिलीचं अक्षर, कुठं प्रश्न, कुठं नुसतं ‘पुन्हा बघ’. त्या टिपेशेजारी मात्र समास कोरा होता. मी तिचीच पेन्सिल घेतली, खुर्ची ओढली आणि तिथं लिहिलं...

‘पऱ्हे कोणी विकत नाही, ही माहिती लेखिकेला तिची वहिनी सुभद्राबाई, कामठा, यांनी दिली. ती चुकीची होती. सेवंताबाईंना खरं माहीत होतं. त्या तिथंच, चार हातांवर रोवत होत्या.’