मावशींनी धुतलेल्या बाटल्या

प्रीतीचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये बाटल्या भिजत घालत होतो. "दादा, आई गेली... झोपेतच. शी वॉज सो पीसफुल." हात पुसायचंही मला सुचलं नाही.

सुनंदामावशी म्हणजे इथे अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या समोरच्या शेजारीण, प्रीतीची आई; मायलेकी एकत्रच राहायच्या. तरुणपणी नागपूरहून आल्या आणि इथल्याच हॉस्पिटलातून ऑपरेशन थिएटरच्या नर्स म्हणून रिटायर झाल्या. त्यांचे यजमान, आमचे काका, गेल्यावर मात्र त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. बेल वाजवली तर "बरी आहे रे" म्हणून दारातूनच परत पाठवायच्या.

त्याच सुमारास मी आणि माझा मित्र दिलीप घरी बीअर करायला लागलो. पार्ट्यांमधल्या रिकाम्या बाटल्या जमवल्या, नळाखाली विसळल्या आणि भरल्या. काही आठवड्यांनी ड्राइव्हवेवर उभं राहून मोठ्या थाटात पहिली उघडली, तर आत शुद्ध व्हिनेगर! "यार, हे सॅलडवर घालू," दिलीप तोंड वाकडं करत म्हणाला. टपाल घ्यायला आलेल्या मावशींनी ते ऐकलं आणि त्या खळखळून हसल्या. मग रस्ता ओलांडून आल्या, एक रिकामी बाटली उचलून आत डोकावल्या. तळाशी जुन्या फेसाचं वाळकं कडं होतं.

"यात माझा पेशंट जगला नसता रे!"

"पण मावशी, तुम्ही तर पीत नाही," मी म्हटलं. त्या बौद्ध, पंचशील काटेकोर पाळणाऱ्या.

"आणि पिणारही नाही. पण घाण बाटली मला बघवत नाही. उद्या सकाळी येते. नखं कापून ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. गरम पाण्यात धुण्याची पावडर टाकून बाटल्या बुडवायच्या, लेबलं आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, आतून ब्रश फिरवायचा, स्वच्छ पाण्यानं धुवायचं. भरायच्या अगदी आधी सॅनिटायझर. "आधी मळ, मग जंतू. मळावर औषध ओतून काही होत नाही." कडेला टवका उडालेली बाटली त्या सरळ फेकायच्या, कारण गॅस धरला की ती फुटणार. दिलीपनं धुतलेल्या बाटलीच्या तोंडाला बोट लावलं की ओरडायच्या, "झाली ना परत अनस्टराइल!" त्यानंतर आमची बीअर कधी आंबट झाली नाही आणि मावशींचा रविवार कधी चुकला नाही.

एकदा जयंतीच्या कार्यक्रमाला त्या बीअरच्या बाटल्यांचा अख्खा क्रेट घेऊन हॉलमध्ये शिरल्या. सगळ्यांच्या माना वळल्या... मावशींनी शांतपणे एक बूच उडवलं आणि सगळ्यात ज्येष्ठ आजोबांच्या पेल्यात गुलाबी कोकम सरबत ओतलं. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे थकले, तेव्हा आम्ही गॅरेजमध्ये खुर्ची ठेवली. तिथे बसून त्या हुकूम सोडायच्या.

त्या गेल्यावर तयार बीअर तशीच पडून राहिली. बाटल्यांना हात लावावासा वाटेना. मग एका सकाळी प्रीती आली. "बाबा गेल्यावर आई हसलीच नव्हती," ती म्हणाली. "मग इथून तिचा आवाज यायला लागला. मी विंडो उघडी ठेवून ऐकायचे..." मग तिनं बाह्या वर केल्या. "मलाही शिकवा ना."

आम्ही शिकवलं. आता दर रविवारी ती येते, मावशींच्या खुर्चीत बिनधास्त बसते आणि आम्हाला कामाला लावते.