गाडीपाशी कोण थांबणार?

सगळी नोकरी बस चालवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर बायकोनं काय काढावं, तर मोटरहोमची सहल! आत पलंग, शेगडी, संडास, असं चाकांवरचं अख्खं बिऱ्हाड घेऊन जुनी गावं बघत हिंडायचं. "अहो, जन्मभर लोकांना फिरवलंत. आता आपण फिरू," ती म्हणाली. ड्रायव्हरला पटलं. तिचा धाकटा भाऊही येणार हे कळल्यावर जरा कमी पटलं.

मेहुणा भूगोलाचा मास्तर, कालव्यांपायी वेडा झालेला. बायकोला वेशी, बुरूज, घंटाघरं हवी, याला कालवे. बहीणभावांचं एकमत एकाच गोष्टीवर, ते म्हणजे गाडीपाशी ड्रायव्हरनं थांबायचं.

गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या, त्यात हे धूड. एका कमानीखाली छप्पर करकरलं, तेव्हा ड्रायव्हर घाम गाळत गाडी मागे घेऊ लागला. मेहुणा मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होता. गाडी खांबाला टेकल्यावर म्हणाला, "बस्स!"

मग दोघं पसार व्हायची आणि तोंडभर वर्णन घेऊन परतायची.

"भावजी, नदीच्या डोक्यावरून कालवा नेलाय! खाली नदी, वर होड्या! तुम्ही बघायला हवं होतं."

या शेवटच्या वाक्यानं ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पुढच्या गावी कालवा चक्क टेकडी चढत होता. एकावर एक कुंडं, प्रत्येकाला दोन्हीकडे दारं. होडी आत घेऊन मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, की पाण्याबरोबर होडी वर आणि पुढच्या कुंडात. "आलोच आम्ही," म्हणून दोघं गेली, ती गेलीच. चहा उकळून कडू झाला. वाहनतळाचा राखणदार दुसऱ्यांदा येऊन खेकसला, "गाडी पुढे घ्या!" ड्रायव्हरनं गाडी पुढे घेतली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सरळ कालव्याकडे चालू पडला.

होडी सुटतच होती. "येताय? मग चढा पटकन," नावाडीण म्हणाली. तो चढला. मागचं दार मिटलं, दोन्हीकडे शेवाळलेल्या ओल्या भिंती. पाणी शिरलं, होडी अलगद वर उचलली गेली. सवयीनं त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. दोनतीन कुंडं चढेपर्यंत तो पाय सैल पडला. टेकडीवर पोचल्यावर लाल कौलांचं सगळं गाव खाली दिसलं. बघत तो बराच वेळ बसला.

परतला तेव्हा दोघं उन्हात, कुलूपबंद दारापाशी.

"अहो, होतात कुठे? जीव टांगणीला लागला!"

"होडीत बसलो होतो."

"भावजी, ते मागाहून सांगा! आधी किल्ली! संडास आत आहे!"

मेहुणा आत धावला. बायको मात्र तिथेच राहिली. "मला न घेता गेलात?"

"तू कधी मला घेऊन गेलीस?"

रात्री जेवताना ती भावाला म्हणाली, "उद्या गाडीपाशी तू."

दुसऱ्या दिवशी मेहुणा गाल फुगवून मागे राहिला. नवराबायको घंटाघराचा अंधारा जिना चढू लागली. अर्ध्यावर ड्रायव्हरचे गुडघे कुरकुरले.

"एवढं चढून बघायचं तरी काय?" तो वैतागला.

"गप चढा," बायको म्हणाली आणि वरच्या पायरीवरून तिनं हात पुढे केला.